खादाड पंप

“उलटं धरलंयस,” मेस्त्री दारातूनच म्हणाले.

त्यांच्या मुलीने मान वर केली नाही. जोडीतलं पहिलं बेरिंग शाफ्टवर बसलं होतं; दुसरं, गरम तेलातून नुकतंच काढलेलं, तिच्या हातमोजे घातलेल्या हातात होतं. तापलेलं बेरिंग शाफ्टवर चटकन सरकतं आणि गार झालं की अशी मिठी मारतं, की सोडवताना घाम फुटतो. तिने घाई केली नाही. बेरिंग परत तेलात सोडलं.

मेस्त्रींना निवृत्त होऊन सहा महिने झाले होते. पंपघरातलं मुलीचं हे पहिलंच स्वतंत्र काम, म्हणून साहेबांनी त्यांना मुद्दाम बोलावून घेतलं होतं. या पंपाचं नाव सगळ्यांनी खादाड ठेवलं होतं. दर सहा महिन्यांनी बेरिंगं खायचा. बावीस वर्षं मेस्त्रींनीच त्याला भरवलं आणि दर खेपेला त्याच्या झाकणावर पंच ठोकून एक ठिपका उमटवला. चव्वेचाळीस ठिपके, सरळ रांगेत. आल्यागेल्याला ते झाकण हौसेने दाखवायचे.

“मेस्त्री, तुम्हीच बसवा,” साहेब म्हणाले. “पहिल्याच कामात घोळ नको.”

मेस्त्री बाह्या सारून पुढे झाले. पोरीची चूक चारचौघांत दाखवावी लागली याचं वाईट वाटत होतं. आपल्यावाचून अजून अडतं याचं बरंही वाटत होतं, खोटं कशाला बोला.

“बाबा, आधी हे बघा.” तिने काढून ठेवलेलं जुनं बेरिंग त्यांच्या हातात दिलं. “एक कड जाड, एक बारीक. जोर झेलते ती जाड. गोळ्यांचा माग कुठे पडलाय?”

त्यांनी चष्मा लावला. माग बारीक कडेवर चढला होता.

“दरवेळी तिथेच पडतो. खादाडच आहे तो.”

“दरवेळी दोन्ही बेरिंगांची तोंडं एकाच दिशेला असतात, म्हणून. चालू होताना शाफ्ट मागे रेटतो, ते झेलायला कोणीच नसतं. पाठीला पाठ लावली की एक पुढचा जोर घेतं, एक मागचा.” मग तिने आवाज खाली आणला. “आपल्या घरी दाराला टेकण म्हणून ठेवलेलं याच पंपाचं जुनं बेरिंग आहे ना, लहानपणी मी त्यात बोट फिरवत बसायचे. त्याचाही माग कडेलाच आहे.”

मेस्त्रींची कानशिलं तापली. शेजारी उभे असलेले दोन मदतनीस पान्हे पुसण्यात फार गुंतल्यासारखे झाले.

“अहो, आताच्या बेरिंगांची बनावट बदलली असेल,” साहेब घाईने म्हणाले. “तुमच्या वेळची वेगळी होती.”

झाकली मूठ सव्वा लाखाची ठेवायची सोय साहेबांनी करून दिली होती. नुसती मान हलवली असती तरी निभावलं असतं. मेस्त्रींनी हातातल्या बेरिंगात अंगठा फिरवला. कडेपाशी तो खरखरला.

“बनावट तीच आहे,” ते म्हणाले. “पंप खादाड नव्हता, साहेब. बावीस वर्षं मीच चुकीचा घास भरवत होतो.” मग मुलीकडे वळले. “काढ बाहेर. बसव तू म्हणतेस तसं.”

बेरिंग एका दमात सरकलं. पाठीला पाठ लागली. ते गार झाल्यावर मेस्त्रींनी कडेने बोट फिरवून पाहिलं आणि सगळ्यांकडे नजर टाकली. चव्वेचाळीस ठिपके दाखवताना छाती फुगायची, त्याहून आज वीतभर जास्तच फुगली होती.

झाकण लावायची वेळ आली. मुलीने पंच घेतला आणि चव्वेचाळिसाव्या ठिपक्याशेजारी टेकवला. मेस्त्रींनी तिचं मनगट धरलं आणि पंच रांगेपासून लांब, कोऱ्या जागेवर नेऊन ठेवला.

“इथे ठोक,” ते म्हणाले. “याला बरीच वर्षं एकट्यानंच राहायचंय.”