अंग ताठायच्या आत

सकाळी साडेसहाला चन्नबसप्पा गेला. आदल्या दिवशीच त्याला लातूरहून डायलिसिस करून घरी आणलं होतं. उन्हं वर आली तसा सटवाजी टिकाव-खोरं घेऊन दारात उभा राहिला. त्यानं एकच विचारलं, "बसवून का निजवून?"

लिंगायताला बसवून पुरतात. खड्डा आखूड आणि खोल लागतो. ख्रिस्ती माणसाला निजवतात. खड्डा लांब लागतो. जागेचा वाद नव्हता. शिरूर अनंतपाळच्या रस्त्यालगत घरचं शेत होतं, तिथं बांधाशी मुलगा अमरनाथ आधीच मातीआड होता.

"बसवून," वीरण्णा म्हणाला. तो मयताचा थोरला भाऊ. "ह्यात इचारायचं काय?"

"निजवून," चन्नबसप्पाची बायको महादेवी म्हणाली. ओसरीवरच्या आंधळ्या सासूला, रुद्राणीला, ऐकू जाऊ नये म्हणून तिनं आवाज खाली आणला. "भावजी, त्यांनी माझ्यासंगं बाप्तिस्मा घेतलाय. मांजरा नदीत. दोन सालं झाली."

वीरण्णाचा चेहरा उतरला. मग तो तितक्याच हळू म्हणाला, "तू दर रविवारी उदगीरला जाऊन कुनाच्यात बसायलीस, आमी कधी इचारलं? पन माझ्या भावाचं सांगू नगंस. त्याच्या गळ्यात लिंग हाय. बघ की."

खरंच होतं. काळ्या दोऱ्यात इष्टलिंगाची चांदीची डबी छातीवर पडली होती. तो जिवंत असताना, ही का काढत नाही, असं तिनं त्याला विचारलं होतं. "अव्वा हाय तवर गळ्यातच ऱ्हाईल," एवढंच तो आईकडं बघत म्हणाला होता. तेव्हापासून तिला वाटत आलं होतं, हा माणूस अर्धाच पाण्यात उतरला.

"काय ते लवकर ठरवा," सटवाजी म्हणाला. "उन्हाळ्याचे दिस. अंग ताठलं की बसत न्हाई."

महादेवीनं डोळे मिटले. अमरनाथ डेंग्यूनं गेला तेव्हा, पुढं तिची गर्भाची पिशवी काढली तेव्हा, मग नवऱ्याची किडनी गेली तेव्हा, दर खेपेला तिनं हेच केलं होतं. बायबलातलं मेंढपाळाचं स्तोत्र मनात म्हणायचं, मग देव काय सांगतो ते आठवायचं आणि तेवढंच करायचं. प्रत्येक वेळी वाट दिसली होती.

"लिंग काढ," वीरण्णा म्हणाला. "डाव्या हातात द्यायचंय. बायकोनं काढलेलं बरं."

ती वाकली. दोरा सोडवला. भिंतीकडं तोंड करून तिनं डबी उघडली.

आत लिंग नव्हतं. काहीच नव्हतं.

अर्धा नाही, पुरता उतरला होता तो. आता डबी नुसती वीरण्णापुढं धरायची होती. वाद तिथंच संपला असता. खड्डा लांब झाला असता. पण वीरण्णा ओरडला असता, आणि ओसरीवर म्हातारीनं ऐकलं असतं.

आईबापाचा मान राख, अशी एक आज्ञा होती. खोटी साक्ष देऊ नको, अशीही होती. दोन्ही एकाच देवाच्या. या खेपेला वाट दिसेना.

तिनं डबी बंद केली. नवऱ्याच्या डाव्या तळव्यात ठेवून एकेक बोट वर दुमडलं. बोटं जड झाली होती.

"गरम पाणी आणा," ती म्हणाली. "गुडघे शेकावे लागतील. बसवा त्यांना."

वीरण्णानं तिच्याकडं पाहिलं. पाणी आलं. ती फडकं पिळून उजवा गुडघा शेकू लागली, वीरण्णा पाय धरून हळूहळू वाकवू लागला. दोघांच्याही डोळ्यांतून पाणी गळत होतं.

भिंत चाचपत रुद्राणी आत आली. लेकाच्या उशाशी बसली. कपाळ, गाल, दंड करत तिचा हात त्याच्या मुठीशी आला. तिनं डबी काढून घेतली. तळव्यावर ठेवून जरा खालीवर केली. महादेवीच्या हातातलं फडकं थांबलं.

"अव्वा, ती ऱ्हाऊ दे त्याच्या हातात," वीरण्णा म्हणाला.

"रिकामी हाय ही," म्हातारी म्हणाली.

"काय बोलायलीस?"

"रोज सकाळी पाया पडायचा. वाकला की डबी माझ्या हाताला लागायची. दोन सालं झाली, हलकीच लागती." तिनं डबी पदरात घेतली. "मी इचारलं न्हाई. म्हनलं, माझ्यासाठी घालायलंय लेकरू, तर घालू दे."

वीरण्णानं तिच्या पदरातली डबी घेऊन उघडून पाहिली. मग महादेवीकडं पाहिलं. तिनं मान खाली घातली.

सटवाजीनं दारातून पुन्हा विचारलं, "अण्णा, कसं खणू?"

फडक्यातलं पाणी निवत होतं. चन्नबसप्पाचा एक गुडघा वाकला होता, दुसरा सरळ होता.