भरलेली सुई

बाळानं दवाखान्यातच शी केली. बाकावरच्या बायांनी पदर नाकाला लावले. एक तर उठून दाराशी जाऊन उभी राहिली.

हर्षालीनं बाळाला मांडीवर आडवं घेतलं, दुपटं सोडलं आणि नेहमीसारखं आधी नीट पाहिलं. पिवळीधमक, दाणेदार. पोट बरं आहे. "शाणं गं माझं सोनं ते," ती पुटपुटली आणि ओल्या फडक्यानं पुसायला लागली.

"आगं, बाहीर तरी जा," शेजारी बसलेली तिची सासू धुरपदाबाई हळूच म्हणाली. "मान्सं बसल्याती."

धुरपदाबाईचे सुजलेले गुडघे लुगड्यातूनही कळत होते. दर बाजारच्या दिवशी ईट गावाला यायचं, रणधीर डॉक्टरची सुई घ्यायची आणि खुरपं हातात घेऊन गुडघे विसरायचे, असं चाललं होतं. पण आज हर्षालीची नजर तिच्या चेहऱ्यावरून हटत नव्हती. राखेसारखा झाला होता. पायऱ्या चढताना तिनं भिंत धरली होती. घरून निघतानाच हर्षाली म्हणाली होती, थेट भूमला सरकारी दवाखान्यात जाऊ. सासूनं ऐकलं नव्हतं. "सुईबिगर मला जीपमधी चढता यायचं न्हाय. आधी सुई, मग न्हे कुठं न्ह्यायचं तिकडं."

डॉक्टरनं पडदा सारला. "या धुरपदाबाई. भरून ठिवलंय तुमचं."

पडदा नावालाच होता; आतलं सगळं बाकावरून दिसायचं. टेबलावर वाटीत स्पिरिटचा कापूस, त्याच्यावर माशी. खाली बादली, तिच्यात वापरलेल्या सुया आणि तंबाखूच्या पिंका. डॉक्टरनं ज्या हातानं मानेचा घाम पुसला, त्याच हातानं कापूस उचलला. कुणाचा पदर नाकाला गेला नाही.

धुरपदाबाई टेबलाला टेकून उभी राहिली. लुगडं थोडं खाली ओढलं.

हर्षाली बाळाला घेऊन आत शिरली. "डॉक्टर, थांबा. आत्याला सुई देऊ नका. त्यांना काळी होतीय."

"काय काळी?"

"शी."

बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. "आगं बया बया!" दुसरी म्हणाली. धुरपदाबाईनं डोळे गच्च मिटून घेतले.

सासूनं पाणी ओतूनही संडासात राहिलेलं हर्षालीनं आज सकाळी पाहिलं होतं. पहिल्यांदा तिचाही हात नाकाकडं गेला. मग ती वाकली, बाळाच्या दुपट्यावर वाकते तशी. डांबर. रस्त्यावर ओततात तसलं, चिकट, चकाकणारं. आणि वास शिळ्या रक्ताचा.

"लोहाच्या गोळ्या खात असत्याल," सुईतली हवा काढत डॉक्टर म्हणाला. "त्यानं काळीच होती."

"गोळ्या मी खाते, आत्या न्हाय. माझी बी काळपट होती. पर अशी डांबरावानी न्हाय, अन् असा वास न्हाय. बाळाला लस देत्यात त्या सिस्टरला फोन लावला मी. दुखण्याच्या सुयांनी पोटात रक्त जात आसंल, सुई बिलकुल घिऊ नका म्हणल्या, लगीच मोठ्या दवाखान्यात न्या." तिचा आवाज चढला. "ह्या बाळाला लस द्यायच्या आधी किती इचारत्यात! ताप हाय का, मागच्या वेळी काय त्रास झाला का. तुमी आत्याला येकदा तरी इचारलं का, पोटात आग पडती का, दुसऱ्या कसल्या गोळ्या चालू हायेत का?"

डॉक्टरनं तोंड वाकडं केलं. "शिकल्याल्या दिसता. पर बाई, चार मान्सांत हगल्या-मुतल्याचं बोलायचं? किळस येती ऐकून." आणि बोलता बोलता त्यानं सुईचं टोक वाटीतल्या त्या कापसानं पुसलं.

"हर्षे, गप," धुरपदाबाई म्हणाली. "इज्जत घालवलीस माझी."

हर्षालीनं बाळाला एका कडेवर घेतलं. मोकळ्या हातानं सासूचं लुगडं वर घेतलं, कमरेशी नीट खोचलं. बाळाला लंगोट बांधावा तितक्या हळू.

"घरी गेल्यावर शिव्या द्या, आत्या. आता चला."

"चालवत न्हाय मला."

"मग टेका. एक कडंवर, एक खांद्यावर. नेते दोघांना."

डॉक्टर हातात सुई धरून बघत राहिला. मग बाकाकडं वळला. "भरल्याली वाया घालवायची का आता? बनाबाई, तुमीच या. तुमचं बी गुडघंच हायती की."

बनाबाई उठली.

बाहेर पायरीवर हर्षालीनं सासूला बसवलं. जीपवाल्याला हात केला आणि खाली बसून तिच्या सुजलेल्या पायांत चपला घालू लागली. धुरपदाबाईनं तोंड फिरवलं होतं. "आता गावभर सांगत हिंड," ती म्हणाली.

"गावाला न्हाय. भूमच्या डॉक्टरला सांगायचं. अन् मी न्हाय, तुमच्या तोंडानं तुमी सांगायचं."

चप्पल चढवायला धुरपदाबाईनं पाय जरा पुढं केला.

मागं पडदा हलला. "बनाबाई! अवो, निघाल्या कुठं? भरून ठिवलंय!"

एका हातानं लुगडं सावरत बनाबाई पायरीपर्यंत आली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. बाळ बघायला वाकावं तशी ती हर्षालीच्या कानाशी वाकली.

"पोरी, ती डांबरावानी म्हणलीस न्हवं... कितीबी पाणी वता, बुडाला धरून ऱ्हाती. तसलीच का?"