पाण्याबाहेरची जागा

तिजानीने दिवा तिसऱ्यांदा खाली घेतला, पट्टीने अंतर मोजलं आणि पुन्हा दोन बोटं वर टांगला.

“फार जवळ आला तर पाठ भाजते कासवांची,” तो म्हणाला.

दलेंदा परातीत सार्डिन मासे साफ करत बसली होती. “लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून, आठ महिने माझी पाठ दुखतेय,” ती म्हणाली. “तिच्यावरही एखादा दिवा टांगा.”

तिजानीने ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं. खिडकीखाली दीड मीटर लांब काचेची टाकी मांडली होती. तिला जागा व्हावी म्हणून दलेंदाचं शिवणयंत्र घरातल्या बोळात गेलं होतं. पाणी दोन दिवस बादल्यांत निवळत ठेवलेलं. कासव उलटलंच तर त्याला सरळ होता यावं इतकं खोल पाणी हवं म्हणे. पाणी गाळायला पंप, ते कोमट ठेवायला विजेची नळी. स्वयंपाकघरातला नळ मात्र रमजानपासून गळत होता. बंदरावर तीस वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केलेल्या माणसाला त्या नळाकडे बघायला सवड नव्हती.

कासवं शेदलियाची, त्याच्या पहिल्या बायकोची. पाशा आणि सुलताना ही नावंही तिनंच ठेवलेली. शेदलिया जाऊन चार वर्षं झाली, पण तिची कासवं काही जायचं नाव घेत नव्हती. कोपऱ्यातल्या निळ्या टबातून दोघं माना उंच करून तिजानीकडे बघत होती. दलेंदा जवळ गेली की माना आत घेत.

बावन्नाव्या वर्षी कासवांचा हेवा! तिची तिलाच लाज वाटे. पण वाटायचा तो वाटतच होता.

सकाळी वरच्या मजल्यावरची म्हातारी मबरूका टाकी बघायला आली होती. “माशाल्ला, माशाल्ला,” करत तिने काचेवरून हात फिरवला आणि जाता जाता डोळ्यांना ओढणी लावली. “आज शेदलिया असती तर नाचली असती गं!”

“नाचली असती ना,” दलेंदा म्हणाली होती. “बैठकीत तेवढी जागा उरली असती तर.”

तिजानीने आता गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी उचलून आणलं. उतरवताना त्याला धाप लागली.

“हे शेवटचं. त्यांना पाण्याबाहेर यायला कोरडी जागा लागते. अंग वाळलं नाही तर कवच कुजतं.”

त्याने पाण्यात विटा रचल्या आणि त्यांवर पांढऱ्या संगमरवराचा तुकडा ठेवला. एक टोक पाण्यात उतरतं, दुसरं दिव्याखाली. “वरून खरवडून घेतलाय. नखं घसरायला नकोत.”

दलेंदा बघायला उठली ती बघतच राहिली. दगडाच्या मधोमध मुठीएवढा वाटोळा खळगा होता. गुळगुळीत, मुद्दाम कोरलेला.

तसा खळगा तिने ईदच्या दिवशी पाहिला होता. तिजानीबरोबर कब्रस्तानात गेली तेव्हा शेदलियाच्या दगडावरच्या खळग्यात पक्ष्यांसाठी पाणी त्याने तिलाच ओतायला लावलं होतं. त्यांच्या बिझर्त गावात असा खळगा कब्रीवरच्या दगडाखेरीज दुसऱ्या कुठल्या दगडाला नसतो.



“कब्रीवरचा दगड?” माशांच्या खवल्यांनी भरलेले हात तिने तसेच वर धरले होते. “तिची कासवं झाली, तिचे पडदे झाले, तिच्या हातची लोणची अजून फडताळात आहेत. आता तिची कब्रही घरात आणलीत? मग मी कुठे राहू, सी तिजानी? त्या टबात?” रागातही ‘सी’ हे आदराचं संबोधन तिच्या तोंडून गळलं नाही.

“तिचा नाही तो दगड.”

“मग कुणाचा?”

“माझा.”

तो विटा हलवून बघत होता. दगड डुगडुगत नव्हता.

“तिचा करायला टाकला तेव्हा माझाही करून घेतला होता. जोडीने. तिच्या शेजारची जागाही सांगून ठेवली होती.” त्याने ओला हात विजारीला पुसला. “चार वर्षं पाथरवटाच्या छपरात पडून होता. परवा जाऊन कापून घेतला. पाथरवट म्हणाला, अहो सी तिजानी, कासवांसाठी दुसरा दगड मिळाला नाही का? मी म्हटलं, मला त्याचा उपयोग नाही आता.”

पंप घुरघुरायला लागला होता. तिजानीने टबातून आधी सुलताना उचलली, मग पाशा. दोघांना पाण्यात सोडलं. त्यांनी काचेला नाक लावून एक फेरी मारली.

“आणि ती शेजारची जागा?” दलेंदाने विचारलं.

“तिच्या भावाला दिली. मागत होता.”

“पक्की दिली?”

“पक्की.”

दलेंदा परातीपाशी जाऊन बसली. एक मासा उचलला, पोट चिरलं, काटा ओढून काढला. मग दुसरा. तिजानी टाकीपुढे उकिडवा बसून होता.

“म्हणजे तुम्हाला आता कुठेच जागा नाही,” ती म्हणाली.

“नाही. ते तू बघ. मी काय तेव्हा सांगायला असणार आहे?”

“माझी बघून झालीय.”

तिजानीने वळून पाहिलं. ती मान खाली घालून मासे साफ करत होती.

“ईदलाच बघितली. खाली, समुद्राच्या बाजूच्या भिंतीपाशी. दोघांपुरती आहे,” ती म्हणाली. “तिथून तिची कब्र दिसत नाही.”