बाहेरची भिंत

"पहिला नंबर सावळाराम तात्यांचा," तालमीचा अध्यक्ष युवराज म्हणाला, आणि गोकुळरावांनी रागानं खुर्ची मागं सरकवली.

इंदापुरातल्या त्या तालमीची नवी इमारत नुकतीच बांधून झाली होती. आत, लाल मातीच्या हौद्यासमोरच्या भिंतीवर बारामती-इंदापूरकडच्या आजवरच्या सर्वांत थोर दहा पैलवानांची चित्रं काढायची होती. नंबरानिशी. खालच्या नावांवर फारसा वाद झाला नाही, त्यातले बरेचजण हयातही नव्हते. अडलं होतं ते पहिल्या दोघांवर, आणि ते दोघेही समोर बसले होते.

वरकुट्याचे सावळाराम तात्या आणि काटेवाडीचे गोकुळराव. तरुणपणी दोघांची एकच कुस्ती झाली होती. दिवस मावळला तरी कुणी चीत होईना, म्हणून पंचांनी ती बरोबरीत सोडवली. तेव्हापासून दोघं एकमेकांशी बोलत नव्हते. लग्नात एकाची पंगत उठली की मगच दुसरा जेवायला बसायचा.

"आणखी घटकाभर उजेड असता तर ह्यो आभाळ बघत पडला असता," गोकुळराव भिंतीकडं बघून म्हणाले.

तात्यांनी तिकडं लक्षच दिलं नाही. त्यांनी युवराजला विचारलं, "वृषालीचं चित्र कुठं हाय?"

वृषाली दाराशीच उभी होती. वरकुट्यात पेरूची बाग करणाऱ्या ज्ञानेशची ही मुलगी. लहानपणी ती कुस्ती शिकायला आली, तेव्हा ह्याच तालमीनं तिला उंबऱ्यावरून परत पाठवलं होतं. मग तात्यांनी स्वतःच्या गोठ्यामागं खड्डा खणला. त्यात चाळलेली माती भरली, ताक, तेल, हळद घालून ती मळली आणि पोरीला उतरवलं. गाव हसलं. तात्यांचे जुने पठ्ठे त्यांच्याकडं यायचे बंद झाले. तात्या रोज पहाटे एकटेच हौद्याच्या काठावर बसायचे आणि तिच्या चुका मोजायचे. आता ती परदेशातून देशासाठी पदक घेऊन आली होती. ह्या दोन तालुक्यांतला एकही पैलवान तिथवर पोचला नव्हता. आज तालमीनंच तिला सत्काराला बोलावलं होतं.

"ताईंचंबी हाय की," युवराज म्हणाला. "बायकांची यादी येगळी केलीय. बाहेरच्या भिंतीवर, नळाच्या वर."

"बाहेर का?"

"आता तात्या, हौद्यासमोर बाईचं चित्र कसं लावायचं? पोरं लंगोटावर सराव करत्यात. आन् गड्यांची कुस्ती येगळी, बायकांची येगळी. तितं त्यांना पहिलाच नंबर दिलाय की. दुसरं हाय कोण?"

मागं कुणीतरी हसलं.

वृषालीनं गळ्यातला हार काढून खुर्चीवर ठेवला. तिचा आवाज चढला नाही. "तात्या, चला. भिंतीवर चढायला म्या कुस्ती करत न्हाय."

"थांब पोरी."

तात्या गुडघ्यांवर हात रोवून उठले. विशाल पेंटरनं पहिल्या चौकटीत खडूनं त्यांचा चेहरा काढून ठेवला होता. मोडलेल्या कानांसकट हुबेहूब. तात्या त्या चेहऱ्यासमोर जाऊन उभे राहिले. मग सगळ्यांकडं वळले.

"म्या लई जणांना पाडलं. ते सगळे हितलेच, फार तर पल्याडच्या जिल्ह्यातले. हिनं ज्यांना पाडलं, त्यांच्या मुलखाची नावं मला बोलायला येत न्हाईत. हिच्यापरीस मोठा पैलवान ह्या खोलीत न्हाय. भिंतीवर न्हाय आन् खुर्चीवरबी न्हाय."

त्यांनी विशालच्या डब्यातलं ओलं फडकं घेतलं आणि भिंतीवरचा स्वतःचा चेहरा पुसून टाकला. खडूचं पांढरं पाणी भिंतीवरून ओघळलं.

"माझं चित्र बाहेर काढा. बायकांच्या यादीत. हिच्या खाली."

वृषाली एकटक तात्यांकडं बघत राहिली. हार काढतानाही न बदललेला तिचा चेहरा आता कुठं पालटला.

युवराजचा चेहरा लाल झाला. "तात्या, लोक तोंडावर हसतील. एवढा मोठा पैलवान आन् बायकांच्यात?"

"हसू दे. हसण्यानं कुणाची पाठ मातीला लागत न्हाय."

"मग आमचाबी इलाज न्हाय." युवराजनं विशालला खूण केली. "पहिला नंबर गोकुळरावांचा. काढ त्यांचं चित्र."

सगळ्यांच्या नजरा गोकुळरावांवर गेल्या. जन्मभर ज्याच्यासाठी जीव जाळला, ते एकही डाव न टाकता पदरात पडलं होतं. त्यांनी त्या पुसलेल्या चौकटीकडं पाहिलं. मग डोक्याचा फेटा नीट केला, उठले आणि कुणाशी न बोलता दाराकडं चालू लागले. वृषालीजवळ ते क्षणभर थबकले. तिच्या डाव्या कानाकडं पाहिलं. मातीत घासून तोही मोडला होता, थेट त्यांच्या स्वतःच्या कानासारखा.

"विशाल," त्यांनी बाहेरून हाक मारली, "रंग घेऊन हिकडं ये."

विशाल डबा घेऊन पळाला. मागोमाग सगळी तालीम बाहेर आली. नळाच्या वरच्या भिंतीवर वृषालीचा अर्धवट चेहरा होता आणि त्याखाली मोकळी जागा. गोकुळरावांनी त्या जागेवर पंजा टेकला. मग त्या एका कुस्तीनंतर पहिल्यांदाच त्यांनी तात्यांच्या डोळ्यांत डोळे घातले.

"काढ माझं चित्र हितं," ते गरजले. "हिच्या खाली राहीन म्या. पण ह्या सावळ्याच्या वर!"