नाव न ठेवलेली

"राणी! ए राणी!" फाटकापाशी उभ्या असलेल्या शिंपीकाकांनी हाक मारली. तांबडी कुत्री ढिम्म. "चंपा? सोनी? पिंकी?" पिंकी ऐकून तिनं एक लांबलचक जांभई दिली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

बाजूला उभ्या असलेल्या बाई मनातल्या मनात तिला रट्टे घालत होत्या. अगदी हवं तसं माणूस दाराशी आलंय आणि ही महाराणी जांभया देतेय! गाड्या दुरुस्तीचं जुनं गॅरेज भाड्यानं घेऊन बाईंनी हे बेवारशी कुत्र्यांचं घर मांडलं होतं. कुत्रं बघायला कुणी आलं की त्यांच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. आज मात्र त्या नुसत्या तांबडीकडे डोळे वटारत होत्या.

काकांना तांबडी आवडली होती, त्यात शंकाच नव्हती. आल्या आल्या ते बाकावर टेकले, तर हिनं सरळ जाऊन त्यांच्या बुटावर हनुवटी ठेवली. समोर पिल्लांचा अख्खा पिंजरा उड्या मारत होता, पण काकांनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. बूट सोडवून घ्यायचं त्यांच्या अगदी जिवावर आलं होतं. पण त्यांची एक अट होती, आणि ती रास्त होती. त्यांचं दुकान पुढे, घर मागे, आणि उंबऱ्याला लागूनच हमरस्ता. दिवसभर ट्रक धडधडत जायचे.

"माझे गुडघे गेलेत, बाई. मागे धावणं काही होणार नाही," काका म्हणाले होते. "हाक मारली की तिनं मागे फिरायला हवं. नाहीतर डोळ्यांदेखत काहीतरी होऊन बसायचं."

म्हणून तर ते फाटकापाशी जाऊन हाका मारून बघत होते.

तांबडी दोनदा लोकांच्या घरी जाऊन परत आली होती. पहिल्या घरच्यांनी सांगितलं, बहिरी आहे. दुसऱ्या घरच्यांनी सांगितलं, बहिरी कसली, माजोरडी आहे. डॉक्टरांनी कान तपासले. कान ठणठणीत. खरं तर तपासायची काही गरजच नव्हती. गॅरेजच्या त्या टोकाला बिस्किटाचा पुडा फुटला तरी ही या टोकाहून तिथे हजर. पण आता तिसऱ्यांदा नकार आला, तर हिला मागायला पुन्हा कोण येणार? जन्मभर इथेच बसायची.

इथे कुत्र्यांना नाव ठेवायचं नाही, असा बाईंचा दंडक होता. नाव ठेवलं की जीव अडकतो, मग देववत नाही. शिवाय नाव ठेवायचा मान घेऊन जाणाऱ्याचा. आपसात बोलताना कानतुटका, काळी, तांबडी असं म्हणायचं, तेवढंच. यावर बाईंचे यजमान येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "कुत्र्यांना नाव ठेवत नाही ही. सगळी नावं मला ठेवते."

काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. तांबडीकडे एकदा डोळे भरून पाहिलं.

"बघू मग पुन्हा कधीतरी," ते म्हणाले.

पुन्हा कधीतरी म्हणजे काय, ते बाई पक्कं ओळखून होत्या. काकांनी फाटकाच्या कडीला हात घातला.

तेवढ्यात मागच्या स्वयंपाकघरातून यजमान ओरडले, "अगंऽऽ! भाताच्या पातेल्याचं झाकण कुठे ठेवलंस?"

बाईंनी नेहमीसारखं ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तांबडी मात्र ताडकन उठली. कान टवकारले, वाटेतली बादली ओलांडली आणि थेट स्वयंपाकघर गाठलं.

"आलीस का तू? दर वेळी हीच येते!" आतून यजमानांचा आवाज आला. "बरंय बाई. घरात कुणीतरी ऐकतंय माझं."

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

सकाळपासून रात्रीपर्यंत या जागेत एकच हाक घुमत असायची. अगं, साबण कुठेय? अगं, फोन वाजतोय. अगं, माझा चष्मा बघितलास का? नाकावरचा चष्मा शोधणाऱ्या माणसाला ओ तरी किती द्यायची? बाईंनी ते कधीच सोडून दिलं होतं. त्यांच्या वाटची ओ तांबडी देत होती. इथे कुणी नाव ठेवेना, तेव्हा बयेनं आपलं आपणच ठेवून घेतलं होतं! आणि त्या दोन्ही घरांतली माणसं बिचारी रोझी नि डेझी करून घसा कोरडा करत बसली होती.

"म्हणजे हिचं नाव..." काका फाटकातच थांबले.

"काय सांगू काका, चूक आमचीच," बाई ओशाळून म्हणाल्या. हसू आवरता आवरत नव्हतं आणि डोळ्यांतही पाणी आलं होतं. "तुम्ही आपलं छानसं नाव ठेवा. हाक मारताना हातात बिस्कीट धरा, शिकेल हळूहळू. भर रस्त्यात कुत्रीला 'अगं' म्हणायचं म्हणजे लोक हसतील हो."

काका हसले नाहीत. त्यांनी स्वयंपाकघराच्या दिशेनं मान वळवली.

"अगं," ते म्हणाले. फार मोठ्यानं नाही, घरातल्या माणसाला बोलावतात तसं.

तांबडी धावत आली. त्यांच्या पायाशी येऊन शेपूट हलवत उभी राहिली. काकांचा हात तिच्या डोक्यावर गेला आणि तिथेच राहिला.

"नाव नाही बदलायचं," काका म्हणाले. "आमची ही जाऊन बरेच दिवस झाले. पण बाहेरून आलो की दार उघडताना तोंडातून अजून तेच निघतं. आता निदान कुणी धावत तरी येईल."