इडलीपात्राची जागा

वाशीमजवळच्या मालेगावात गॅरेज चालवणाऱ्या ग्यानबाचा एक नेम होता. इंजिन खोललं की नट, स्प्रिंगा, व्हॉल्व्ह डिझेलनं धुवायचे आणि जसे निघाले तसे ओळीनं मांडायचे. "जो पार्ट जिथला, तो तिथंच गेला पाहिजे," तो म्हणायचा. त्यासाठी इडलीपात्रासारखी सोय नाही, हे सुचलं तेव्हा घरातलं इडलीपात्र त्यानं गुपचूप गॅरेजात नेलं.

रविवारी पीठ छान फुगून आलं आणि इडलीपात्र काही सापडेना. ग्यानबाची बायको भागिरथा सुनेवर कडाडली, "साक्षी, परवा वाशीमले माहेरी गेल्ती, तवाच नेलं असशीन तुह्या मायले!"

"नाही हो आई, मी कायले नेऊ?" साक्षीचे डोळे भरून आले.

भागिरथा नवऱ्याकडे वळली, "तुमी तरी पाह्यलं का हो?"

"मले काय मालूम?" ग्यानबा चहाच्या कपात पाहत म्हणाला. डिझेलचा वास मारणारं पात्र आता कोणत्या तोंडानं परत आणायचं?

सुनेचे ते डोळे काही त्याला काम करू देईनात. दुसऱ्या दिवशी उघडलेलं इंजिन तसंच टाकून तो बाजारात गेला, नवं इडलीपात्र घेतलं आणि स्वयंपाकघरात कुणी नाही असं पाहून फळीकडे हात नेला.



फळीवर आधीच एक कोरं इडलीपात्र होतं, अर्धवट खरवडलेल्या लेबलाचं, आणि पलीकडच्या खोलीत साक्षी सासूला सांगत होती, "मीच नेलं होतं आई. चुकलं माह्यं."