मालनबाईंचा प्रवेश

नीलमनं तोंड उघडलं, पण आवाज आलाच नाही. सकाळपासून बसलेला घसा आता पार गेला होता. तिनं गरम पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि नुसती मान हलवली.

दौंडच्या त्या हॉटेलात मांडवगण फराट्याच्या सहा बायका दोन टेबलं जोडून बसल्या होत्या. साडेसातला त्यांच्या नाटकाचा प्रयोग होता. गावाबाहेरचा पहिलाच. पावणेसहा वाजले होते.

"रद्द करू," अनिता म्हणाली. ती गावच्या शाळेत शिकवायची. नाटक तिनंच लिहिलं होतं, तिनंच बसवलं होतं. "नीलमचं बहिणीचं कामच नसेल तर नाटकात राहिलं काय? मी हॉलवर फोन करते."

टेबलाच्या टोकाला नीलमची सासू, मालनबाई, नातवाला भाताचे घास भरवत होती. तालमीचे दोन महिने ती अशीच पोराला मांडीवर घेऊन कोपऱ्यात बसायची. सून तालीम करणार, तर पोराकडं कोण बघणार?

"मला येतं ते," ती म्हणाली.

भावाचं काम करणारी अनुपमा म्हणाली, "सहीचा प्रवेश येतो का, काकू?"

"तू बोल की."

अनुपमानं समोरचा मेनूकार्डाचा पुठ्ठा हक्कसोडीच्या कागदासारखा पुढं सरकवला. "ताई, सही कर. तुला कवा काय कमी पडू दिलंय का आम्ही?"

मालनबाईनं नातवाला नीलमकडं दिलं. पदराला हात पुसले आणि उभी राहिली.

"सही करणार न्हाई. बापाच्या रानात माझाबी वाटा हाय."

"लोकं काय म्हणतील, ताई?"

"लोकं तवाबी गप्प होती, आताबी गप्पच बसतील." तिचा आवाज चढला. "दर दिवाळीला साडी दिलीस. मी ती डोळ्याला लावून घेतली. माझ्याच वाट्याच्या उसाची साडी, आन् तीस वर्षं मी तुझं उपकार मानत ऱ्हायले. आता न्हाई."

सगळं हॉटेल थांबलं होतं. भाकरीची ताटं घेऊन आलेला वेटर जागच्या जागी उभा होता. गल्ल्यावरचा मालक लगबगीनं आला.

"मावशी, बसा. घरचं घरी मिटवा, इथं लोक जेवतायत." मग तो अनुपमाकडं वळला. "आन् ताई, तुम्हालाबी शोभत न्हाई हे. वयाकडं तरी बघायचं त्यांच्या."

शेजारच्या टेबलावर नवऱ्याबरोबर जेवायला बसलेली एक बाई मधेच म्हणाली, "मावशी, सही करू नका."

नवऱ्यानं तिच्याकडं पाहिलं. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही.

आधी अनुपमाला हसू फुटलं, मग सगळ्यांना. हे नाटक आहे हे मालकाला पटवता पटवता अनिताच्या डोळ्यांत पाणी आलं. मालक खजील झाला आणि म्हणाला, "मला खरंच वाटलं हो." जाता जाता त्यानं साडेसातचा हॉल कुठला ते विचारून घेतलं.

नीलम सासूकडं बघत राहिली होती. ती काहीतरी पुटपुटली. आवाज नव्हता, पण मालनबाईला कळलं असावं. तिनं सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

अनितानं वही उघडून दोनदा पानं चाळली. "काकू, ते साडीचं माझ्या वहीत नाही."

"न्हाई."

"मग कुठून आलं?"

मालनबाईनं नीलमच्या मांडीवरच्या नातवाच्या ओठावरचं शीत टिपलं. अनितानं पुन्हा विचारलं नाही. पर्समधून पेन काढून तिनं समासात ती वाक्यं लिहून घेतली, आणि मग विचारलं, "बरोबर लिहिलंय का?" मालनबाईनं वाचून घेतलं. 'उपकार'च्या जागी बोट ठेवून म्हणाली, "हे जरा मोठ्यानं म्हणायचं हाय."

ताटं आली. मालनबाईनं भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही.

"अनुपमा, खुटबावला आमच्या भिमाजीला फोन लाव."

"तुमच्या भावाला? काय सांगू?"

"म्हणावं, तुझी अक्का नाटकात काम करतीय. दौंडला, साडेसातला."

"कसलं नाटक विचारलं तर?"

"सांग, सहीचं हाय," मालनबाई म्हणाली. "आन् म्हणावं, पुढच्या रांगेत बस."